मोठ्या कलिज्याचा माणूस

आमच्या थोरल्या साडूंनी उभ्या जन्मात कशाचीही शिजेपर्यंत वाट पाहिली नाही. चहाला उकळी फुटायच्या आत ते कप पुढे करत. मुदखेडला गाडी थांबायच्या आत उतरत आणि आपटत. लातूर जिल्हा होणार अशी नुसती कुणकुण लागली, तर यांनी गल्लीभर पेढे वाटले. आणि त्यांच्या शब्दावर मी कचेरीच्या कागदावर 'जिल्हा लातूर' लिहून साहेबांच्या शिव्या खाल्ल्या. जिल्हा खरोखर झाला, तेव्हा आम्हा दोघांना कुणी विचारलंही नाही.

दुष्काळात गावाबाहेरचा तलाव आटला. चिखलात मासे हातानं उचलावेत इतके, सरपण मात्र मिळेना. साडूंनी माशाला जाळ नुसता दाखवला, लिंबू पिळलं नि म्हणाले, "झालं!"

अक्का, म्हणजे त्यांच्या मंडळी, ओरडल्या, "अहो, आतून कच्चं हाय की!"

"लिंबानं शिजून राहिलं ना! पाव्हणं, कलिजा हाय का? घ्या."

बायको बघत होती, म्हणून मी एक घास गिळला. साडूंनी सगळा उन्हाळा तसाच काढला.

पुढे त्यांचे डोळे पिवळे झाले, अन्न जाईना. नांदेडच्या दवाखान्यात मी रुबाबात म्हणालो, "डॉक्टरसाहेब, काळजी नको. माणसाचा कलिजा लई मोठा हाय." डॉक्टर बरगडीखाली दाबत म्हणाले, "तेच बघतोय. सुजून मोठा झालाय." कच्च्या माशातून गेलेले चपटे किडे तिथं लिव्हरमध्ये मुक्काम ठोकून होते. ते ऐकून मीही घाबरून पोट दाबू लागलो. लिव्हर उजवीकडे असतं हे कळेपर्यंत कित्येक दिवस डावी बाजू दाबत होतो. माझ्यात काही निघालं नाही.

साडू मात्र खाटेवर वाळत चालले. एका दुपारी अक्का बाहेर गेल्याचं पाहून त्यांनी माझा हात धरला. "पाव्हणं, खरं सांगा. माझं झालं का?"

हा शब्द त्यांच्या तोंडून मी हजारदा ऐकलेला. मी म्हणालो, "छे! तुमची नेहमीचीच घाई. अजून लई कच्चं हाय तुमचं." कळ येत असतानाही ते हसले.

औषधानं बरे झाले. आता पातेल्यावर झाकण ठेवून स्वतःच राखण करत बसतात. परवा चहा आटून काळा होत आला, तरी उतरवेनात. मी मुद्दाम विचारलं, "साडू, झालं का?"

त्यांनी झाकण उचलून आत पाहिलं, मग माझ्याकडे. "न्हाई. काय घाई हाय? बसा की."

त्यांचा तो जुना पांचट, बिनउकळीचा चहा आठवत मी बसून राहिलो.