काचेआडची बाई

चौकातल्या त्या ट्रॅफिक वॉर्डनबाईला सगळे शिट्टीवालीच म्हणत. तिचा पोलराइज्ड गॉगल फुटपाथवरचा, स्वस्तातला. लेक म्हणाली होती, "आई, आठवडाभर टिकला तरी नशीब समज." त्याला तीन वर्षं झाली. जिन्यावरून गडगडला, एकदा तर तीच त्याच्यावर बसली. सैल स्क्रू नेलपॉलिशच्या थेंबाने बसवलाय. खोड एकच, त्यातून मोबाइल बघावा तर पडदा काळाठिक्कर. पण चकाकी अशी कापायचा की इतरांना गाडीच्या पुढच्या काचेत आभाळ दिसे आणि तिला आतली माणसं.

त्या दुपारीही दिसली. लाल सिग्नलला थांबलेल्या गाडीत चालवणाऱ्याने शेजारच्या बाईचे केस मुठीत धरले आणि तिचं तोंड डॅशबोर्डवर आपटलं. पुन्हा आपटलं. तिसऱ्यांदा नाकातून रक्ताची चिळकांडी उडाली.

सिग्नल हिरवा झाला. शिट्टीवाली गाडीसमोर जाऊन उभी राहिली.

"ओ मॅडम, उभ्या उभ्या डुलकी लागली का?" मागचा ट्रकवाला ओरडला.

बंपर तिच्या गुडघ्यावर आदळला. ती हलली नाही. मग गाडी चालवणारा खाली उतरला, दार आपटलं आणि तिच्या थोबाडीत ठेवून दिली. गॉगल उडाला. दुसरा ठोसा ओठावर बसला. ती पडली, पण दातांतली शिट्टी काही सुटली नाही. पडल्या पडल्या वाजवत राहिली.

हवालदार धावत आला.

"वेडी आहे ही," तो माणूस म्हणाला. "आत माझी बायको झोपलीय."

बाजूच्या काचांना काळी फिल्म, समोर नुसते ढग. हवालदाराने डोळे बारीक केले. "मावशी, मला तर काहीच दिसत नाही."

हा पुन्हा गाडीत बसला की त्या बाईचं संपलंच, एवढं शिट्टीवालीला कळत होतं. तिने रस्ता चाचपला. गॉगलची एक काडी तुटली होती, काचेवर चरा होता. तिने तो हातानेच डोळ्यांवर धरला. आत एक रक्ताळलेला हात दाराकडे सरकत होता. खट्. लॉक लागलं.

"उघड," त्याने दाराला लाथ घातली. "उघड, नाहीतर आज खलासच करतो."

तिने गॉगल हवालदाराच्या डोळ्यांपुढे धरला. "आता बघा."

हवालदाराने बघितलं. पुढच्याच क्षणी त्या माणसाचा हात पिरगाळून त्याचं तोंड बॉनेटवर दाबलं.

आतली बाई मात्र दार उघडेना. शिट्टीवालीने गॉगल परत डोळ्यांवर धरला, तोंडातलं रक्त थुंकलं. "घाई नाही गं," ती काचेजवळ वाकून म्हणाली. "मी आहे इथे."

मग मागे न बघता तिने मोबाइल खाली उतरून आलेल्या ट्रकवाल्याच्या हातात कोंबला. "अँब्युलन्सला तू लाव फोन. मला यातून पडदा दिसत नाही, आणि हा मी आत्ता काढणार नाही."