हातभर कमी

दोरीकाकांना सकाळी कोणी रामराम करत नसे. “दोरी किती ओली?” असंच विचारत.

नागपूरपासून तासाभरावरचं आमचं गाव एकाच विहिरीचं पाणी पितं. काका त्या नळयोजनेचे पंपवाले. पंप सुरू करण्याआधी ते दोरीला दगड बांधून तळापर्यंत सोडायचे आणि वर ओढून ओला भाग हातांनी मोजायचे. थाट असा, की विहीर जणू त्यांना हुंड्यात मिळाली होती.

कुणी नळीने अंगण धुताना दिसलं, की काका फाटकाशी उभे. “धुवा वं बाई, धुवा. मे महिन्यात इथंच टँकर उभा करू.” बाई आठवडाभर अबोला धरायच्या, पण अंगणाला नुसता झाडू लागायचा.

मी ग्रामपंचायतीत पाण्याचं काम बघणारा कारकून. काकांच्या नोकरीच्या शेवटच्या उन्हाळ्यात मोजणी शिकायला गेलो. दोरी सहा हात ओली होती. विहिरीच्या कुंपणाबाहेर येऊन काकांनी चेहरा पाडून वाट पाहणाऱ्या बायांना सांगितलं, “पाच हात.”

“काका, सहा होते ना?”

“हळू बोल गा! सहावा हात गावाचा नाही, जून महिन्याचा आहे. इतकी वर्षं थोच वाचवून राहिलो मी.”

काकूंना हे कळलं तेव्हा त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, “घरातबी कमीच सांगे हा माणूस! मी अर्ध्या बादलीत कपडे धुवून राहिली न गा!”

काका निवृत्त झाले आणि विहिरीत यंत्र बसलं. ते मीटरमध्ये सांगतं, मी त्याचा हातांत हिशेब करून गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो. पहिल्या वर्षी अगदी खरा आकडा टाकला. गाव खूश झालं. गाड्या धुतल्या, कूलर ओसंडले आणि मेच्या मध्यावर विहिरीने तळ दाखवला. महिनाभर सगळे टँकरमागे धावलो.

काकांकडे गेलो. वाटलं, हसतील. ते हसले नाहीत.

“तुले सांगितलं होतं न गा,” एवढंच म्हणाले. मला मान वर करवेना.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. त्यांची फार आठवण येते, सकाळी तर जास्तच. आज हिशेबाने चार हात पाणी होतं. मी ग्रुपवर तीन लिहिले.

पहिलं उत्तर काकूंचं आलं. “बरोबर आहे गा.”