वायरीवरचा बाण

“बाण उलटा हाय की ओ,” सर्जेरावांचे होणारे व्याही म्हणाले आणि मी वाकून बघितलं.

स्पीकरमागे वीतभर वायर बाहेर होती. तिच्यावर कंपनीनं छापलेला छोटा बाण. तो स्पीकरकडे हवा होता, माझा ॲम्प्लिफायरकडे बघत होता. बाकीची वायर सर्जेरावांच्या नव्या हॉलच्या भिंतीत, प्लास्टर आणि ताज्या रंगाखाली. दुसऱ्या दिवशी त्याच हॉलमध्ये त्यांच्या लेकीचा साखरपुडा. आणि बाण बघणारे हे मुलाचे वडील, कोडोलीचे.

मी होम थिएटर बसवतो. हा प्रश्न मला नवा नव्हता. शांतपणे सांगितलं, “आवाजाचा करंट एकाच दिशेनं जात नाही, सारखा पुढं-मागं हलतो. प्लस-मायनस चुकलं तर फरक पडतो, ते मी तपासलंय. बाणानं काही होत नाही.”

“मग कंपनी काय येडी हाय? मी व्हिडिओ बघितलाय. आवाज दबतोय.”

सर्जेरावांनी मला बाजूला घेतलं. “इंजिनीअर, भिताड फोडायला लागंल?”

“लागेल. आणि रंग उद्यापर्यंत वाळणार नाही.”

“मग फोडायचं न्हाय. आन् पावण्यास्नी खोटंबी पाडायचं न्हाय.”

इकडे आड, तिकडे विहीर. पण त्या व्हिडिओनं माझंही डोकं फिरलं होतं. म्हटलं, आज ह्यांना पकडायचंच.

“डोळे मिटून ऐका,” मी व्याह्यांना म्हणालो. “मी मागं काम करतो. फरक पडला की सांगा.”

ॲम्प्लिफायरच्या कपाटामागे गेलो. वायर काढली, होती तशीच परत लावली. गाणं सुरू केलं.

“आत्ता कसं,” व्याही खुलले. “ढोलकी म्होरं येऊन बसली बघा.”

मी तोंड उघडलं. तेवढ्यात सर्जेरावांनी माझं मनगट असं दाबलं की पुढं दोन दिवस स्क्रू ड्रायव्हर धरवेना. “पावण्यांचा कान म्हंजे कान,” ते मोठ्यानं म्हणाले. “इंजिनीअर, बाण सुलटा झाला न्हवं?”

दारात त्यांची लेक चहाचा ट्रे घेऊन उभी होती. पोरीचा चेहरा उतरला होता.

“झाला,” मी म्हणालो.

भिंतीतली वायर कपाटामागून कशी फिरली, हे कुणी विचारलं नाही. सर्जेरावांनी मात्र व्याह्यांचे डोळे उघडायच्या आत स्पीकर मागं रेटून, बाण दिसणार नाही असा भिंतीला चिकटवला होता.

साखरपुडा झोकात झाला. व्याह्यांनी येईल त्या पाहुण्याला बाणाची गोष्ट सांगितली, आणि त्यातल्या काहींनी आपापल्या घरचे बाण तपासायला मला बोलावलं.

तेव्हापासून वायर टाकताना मी आधी बाण बघतो. आवाजाला त्यानं काही होत नाही. भिंत शाबूत राहते.