टॉवेलचं दुसरं टोक

गुडघ्याच्या शेकासाठी मी गोंदियात फिजिओथेरपीला जायचो, तिथं चिचगडकडचे एक आजोबा भेटायचे. गाऊटची सूज उतरली होती, पण पायाचा अंगठा आखडलेला. तिथल्या मॅडमनी त्यांना पायाच्या बोटांनी जमिनीवरचा टॉवेल ओढायला सांगितलं होतं. एकट्याला लाज वाटायची, म्हणून सोबत आलेल्या आजी समोर बसून आपल्या पायानं दुसरं टोक हळूच ओढायच्या. नवऱ्याला पाय लागला की दर वेळी वाकून नमस्कार करायच्या.

एकदा आजोबांचाच पाय आजींना लागला. ते कण्हत वाकले, आजींच्या पावलाला लावलेला हात त्यांनी कपाळाला टेकवला.

"हे काय करून राहिले तुमी?"

"काऊन वं? तुहा पाय पाय नाही का?"

आजींनी पहिल्यांदाच जोर लावून टॉवेल आपल्याकडे ओढला.