राख पलटणीचे फेटे

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढं मला राग येणार आहे, आणि तो माझाच मला येणार आहे! माणसानं मदत करावी, पण आधी विचारून करावी, एवढी साधी अक्कल मला चाळिशीला आली. तीसुद्धा बोटभर प्लास्टिकच्या शिपायांमुळे.

आमचे हे साखर कारखान्याच्या लॅबमध्ये आहेत. गावात सगळे 'साहेब, साहेब' करतात. आणि हे साहेब घरी येऊन काय करतात? टेबलावर युद्ध खेळतात! तसा एक खेळच आहे. फासे टाकायचे, पट्टीनं मोजून शिपाई पुढं सरकवायचे. युद्ध कुठं चाललंय, तर कुठल्याशा परग्रहावर, हजारो वर्षांनंतर! आणि आपली पलटण ज्यानं त्यानं हातानं रंगवायची.

यांच्या पलटणीचं नाव 'राख पलटण'. तिची कथा यांनी मला किती वेळा सांगितली असेल! पण तव्यावर भाकरी असताना परग्रहाची कथा कोण ऐकतं हो? मी आपली "हं... हं..." करत राहिले. तिथंच माती खाल्ली.

तर रविवारी पुण्यात रंगवलेल्या पलटणींची स्पर्धा होती. वर्षभर यांचा सगळा जीव तिच्यात अडकलेला. शुक्रवारी हे कामावर गेले आणि मी टेबल पुसायला घेतलं. बघते तर काय, अख्खी पलटण करडी! टोपापासून बुटापर्यंत नुसती करडी, रंगाचा एक ठिपका नाही.

अगं बाई, यांचं रंगवायचं राहिलंच की! नुकतंच गाळप सुरू झालेलं, माणसाला जेवायला फुरसत नाही, रंगवणार कधी? आणि आता हे असे उघडेबोडके शिपाई घेऊन जाणार, तेही पुणेकरांपुढं? ते तर चांगल्यालाही नावं ठेवतात!

शिपाई रंगवणं मला काय नवीन आहे? दिवाळीत आमच्या काष्टीत अर्ध्या गल्लीच्या किल्ल्यांवरचे मावळे माझ्याच हातचे असतात. काढले कापडावरचे पक्के रंग आणि बसले मांडी घालून. भगवा फेटा, पांढरा अंगरखा, कमरेला लाल शेला. पाठीवर कसल्याशा नळ्या होत्या, त्यांना काळं करून ढाली केल्या.

सासूबाई डोकावल्या. एकेकाला उचलून, डोळ्यांजवळ नेऊन बघितलं.

"लई झ्याक! पर सूनबाई, मिश्या कुठं हायेत?"

"आई, यांचं तोंड लोखंडी टोपात आहे."

"मग टोपावर काढ की! बिनमिशीचा शिपाई कुनी पायलाय व्हय?"

नुसतं बोलून थांबल्या नाहीत, ब्रश घेऊन स्वतः बसल्या. त्यांचा हात थरथरतो. त्यामुळं कुणाची मिशी गालावर, तर कुणाची थेट कानामागं गेली.

संध्याकाळी हे आले. मी दारातच म्हटलं, "डोळे मिटा!" हात धरून टेबलापाशी नेलं. "हं, उघडा आता!"

यांनी डोळे उघडले. तोंडही उघडलं.

"हे... हे काय केलंस?"

"रंगवले! तुमचं राहिलं होतं ना?"

"राहिलं नव्हतं गं! झालं होतं!"

"कुठं झालं होतं? सगळे करडे तर होते!"

"राख आहे ती, राख! त्यांचा ग्रह जळाला, घरदार गेलं. तीच राख अंगाला फासून लढतात ते, म्हणून राख पलटण! वर्षभर एकेक छटा चढवली मी!"

मी टेबलाकडं बघितलं. घरदार जळालेली ती माणसं फेटे बांधून, मिश्यांना पीळ देऊन वरातीला निघाल्यासारखी उभी होती.

"मग आता सुतक फिटलं म्हनायचं," सासूबाई म्हणाल्या.

हे तसेच जाऊन पडले. जेवलेसुद्धा नाहीत. मला रडूच आलं हो. एवढी हौस त्या माणसाची, आणि मी त्यावर भगवा फासला!

पण गप्प बसेन तर मी कसली? सकाळी म्हटलं, निदान कप्तान तरी पूर्ववत करू. वाटीत नेलपॉलिश रिमूव्हर ओतलं आणि कप्तानाला बुडवलं. रंग गेला. पाठोपाठ कप्तानाचं डोकंही गेलं! प्लास्टिकच ते, तुपासारखं विरघळलं.

यांनी ती वाटी बघितली आणि मला चक्क हात जोडले. "आता कुणाला हात लावू नकोस. पाया पडतो तुझ्या."

नाव दिलेलं होतं, मित्र वाट बघणार होते, म्हणून रविवारी हे फेटेवाली पलटण आणि बिनडोक्याचा कप्तान घेऊन दौंडवरून पुण्याला गेले. मी दिवसभर फोन हातात घेऊन बसले होते. एक फोन नाही!

संध्याकाळी आले ते गळ्यात पदक घालून.

"अहो! बक्षीस?"

"मिळालं."

सासूबाईंनी लगेच देवापुढं साखर ठेवली. माझे पाय जमिनीवर ठरेनात. "परीक्षक काय म्हणाले? सांगा ना!"

"म्हणाले, हात फार निरागस आहे. कुणी रंगवलं विचारलं. मी कशाला खोटं बोलू? म्हटलं, आमच्या घरच्या वैशालीनं."

मी त्यांच्या हातातून प्रमाणपत्र ओढूनच घेतलं. वर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, 'कुमारी वैशाली. बालगट. उत्तेजनार्थ.'

"अहो! मी तुमची बायको आहे, हे सांगायचं नाही का?"

"त्या मिश्या समोर असताना? माझी नाही हिंमत झाली."

"मिश्या माझ्या हायेत," सासूबाई फणकारल्या. "माझं नाव कुठंय त्यात?"

आता ते प्रमाणपत्र यांनी फ्रेम करून पुढच्या खोलीत लावलंय. काढू देत नाहीत. आलेला प्रत्येक पाहुणा ते वाचतो आणि कौतुकानं विचारतो, "वा! कितवीला आहे हो मुलगी?"

आणि हे शांतपणे माझ्याकडं हात करतात. "ही काय, पोहे घेऊन आलीय."