पाऊण सेकंदानं पहिले

आमचे बाबा बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं फिटर होते. साहेब लोक कागद चाळत बसायचे आणि बाबा लांबूनच आवाज ऐकून म्हणायचे, "तिसरा व्हॉल्व्ह बघा." तोच निघायचा. घरी मात्र महातिरसट माणूस. माझा तिरसटपणा त्यांच्याकडूनच आलाय, असं आई म्हणायची, आणि ते काही खोटं नाही.

निवृत्तीनंतर वर्षभरातच अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. रोज सकाळी मी तो हात तेल लावून चोळायची आणि म्हणायची, "बाबा, कालच्यापेक्षा बरा आहे हं!" धाकटा भाऊ लगेच री ओढायचा, "अहो, बोटं हलली की!" कसली हलतायत डोंबल! हात परत येणार नाही, हे डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन केव्हाच सांगितलं होतं. आम्ही दोघं दोन वर्षं न चुकता खोटं बोललो. मग एका नव्या डॉक्टरणीनं ते बाबांना तोंडावरच सांगून टाकलं. बाबा आमच्याकडे बघत राहिले. चिडले असते तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाले, "बरं."

धाकटा मोबाइलवरचे खेळ करणाऱ्या कंपनीत होता. त्यानं त्यांना स्वतःच्या कंपनीचा शर्यतीचा खेळ लावून दिला. त्यात गाडी चालवायची नसते, संघ चालवायचा असतो. टायर कुठले, इंधन किती, टायर बदलायला गाडी कितव्या फेरीला आत घ्यायची, एवढंच ठरवायचं. डावा अंगठा पुरतो. खुल्या शर्यतीत सगळे एकत्र धावायचे, आणि सातव्या पातळीवरच्या बाबांना साठाव्या पातळीवाले पार लोळवायचे.

"त्यांच्याकडे अख्खा कारखाना आहे, माझ्याकडे एक पाना," बाबा कुरकुरायचे.

"बाबा, तेच तर माझं काम आहे," धाकटा म्हणायचा. "नवख्यांची आशा सुटता कामा नये, आणि मुरलेल्यांची मेहनत फुकट जाता कामा नये. बड्यांच्या गाड्यांवर थोडं जास्तीचं वजन टाकायचा नियम आणतोय."

"आण. पण सगळ्यांना एकच नियम. माझ्यासाठी कुणी हातचं राखून हरलेलं मला चालायचं नाही. एकदाच जिंकायचंय मला, पण माझ्या अकलेनं."

एवढीच त्या माणसाची इच्छा उरली होती.

नवा नियम लागू झाल्यावरचा पहिला रविवार. दुपारी खुली शर्यत. ट्रॅक कोरडा ठणठणीत असताना बाबांनी गाडी आत घेतली आणि पावसाळी टायर लावले. मी हसले. "हसू नको, ढग बघ," ते म्हणाले. दोन फेऱ्यांनी खेळातला पाऊस कोसळला. साठवाले घसरत घसरत टायर बदलायला आत धावले, आणि आमची सातव्या पातळीवरची खटारा गाडी पहिली! बाबांनी डाव्या हातानं टेबलावर अशी थाप मारली की कपबशी उडाली. डेपोतल्या जुन्या सोबत्यांना एकेक करून फोन लावले. आनंदानं जीभ अडखळत होती, शब्द नीट निघत नव्हते. "मी... पहिला!" किती दिवसांनी त्यांना हसताना बघितलं. मला रडूच आलं.

सोमवारी धाकटा स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला. चेहरा पांढराफटक.

"ताई, चूक झाली माझी. बड्यांच्या गाड्यांवरचं वजन साडेचार किलोचं पंचेचाळीस झालं. मधलं टिंब द्यायचं राहिलं."

"कुणाला कळलंय?"

"मलाच."

"मग गप्प बस ना मेल्या!"

"अगं, त्या साठवाल्यांनी वर्षं घातलीयत त्यात."

मी त्याला वाट्टेल ते बोलले. त्यानं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी साहेबांना जाऊन सांगितलं. त्या रविवारच्या सगळ्या खुल्या शर्यती रद्द झाल्या. घरी येऊन बाबांनाही त्यानंच सांगितलं, मान खाली घालून.

"म्हणजे जिंकलो नव्हतो तर," बाबा म्हणाले आणि मोबाइल पालथा ठेवला.

धाकट्याला चैन पडेना. साहेबांची परवानगी काढून त्यानं तीच शर्यत ऑफिसात पुन्हा चालवली. तेच टायर, तोच पाऊस, सगळ्यांचे तेच निर्णय, फक्त वजन बरोबर, साडेचार. बाबा पहिले! पाऊण सेकंदानं, पण पहिले. कंपनी निकाल बदलेना. एकाला दिलं तर सगळे मागतील म्हणे. तेव्हा त्यानं निकालाचा कागद छापून घेतला आणि चपलांसकट थेट बाबांच्या खोलीत शिरला.

बाबांनी कागद वाचला. त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"खरं आहे, बाबा!" मी म्हणाले. "अगदी खरं! तुमच्याच अकलेनं जिंकलात!" आणि माझा आवाज मलाच ऐकू आला. हात चोळताना रोज निघायचा, तोच होता तो. धाकटा पुढे रेटत होता, "हो बाबा, शपथ!" त्याचाही तोच.

बाबांनी डावा हात धाकट्याच्या डोक्यावर ठेवला. रागाचा लवलेश नाही. "गुणाची आहात रे दोघं," म्हणाले. कागद माझ्याकडे दिला. "बरं."

तो खेळ त्यांनी पुन्हा कधी उघडला नाही. धाकटा जिन्यात बसून लहान पोरासारखा रडला, आणि मला त्याला धड जवळही घेता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी तेलाची वाटी घेऊन मी हात चोळायला बसले. काहीच बोलले नाही. बोलायला मला तोंडच उरलं नव्हतं.