आईच्याने नाही होणार म्हणे

माझा मोठा भाऊ अमेरिकेत असतो. आई त्याच्याकडे राहायला गेली त्या उन्हाळ्यात त्याने घरासारखी गाडी भाड्याने घेतली आणि बायकोमुलांना घेऊन डोंगरातल्या एका राष्ट्रीय उद्यानात गेला. आईला ओळखीच्या एका मराठी कुटुंबाकडे ठेवलं. प्रवासाला निघताना आपण शेजाऱ्यांकडे कुंड्या ठेवतो, तसं.

मी फोनवर भांडले तेव्हा म्हणाला, "अगं, आईच्याने नाही होणार. गाडीतला संडास केवढासा, पायऱ्या उंच. तिचे गुडघे तुला माहीत आहेत ना?"

आई वसईजवळच्या वटारला, आमच्या गावी, परत आली ती तक्रार न करता. उलट शेजारणींना फोटो दाखवायची. "ह्या गाडीत माझा मुलगा झोपला. खिडकीतून गवे दिसतात." ती हे कौतुकाने सांगायची आणि माझ्या डोक्याची शीर ताडताड उडायची.

मी दुसऱ्यांच्या लग्नात ताटं उचलण्यापासून सुरुवात केली. आज राजोडीच्या किनाऱ्यावरचे कार्यक्रम असोत की आचोळ्यातल्या सोसायटीचं हळदीकुंकू, मांडव माझा, भांडी माझी आणि लाल खुर्च्याही माझ्याच. माझ्याशी भाव करायला माणसं एकेकटी येत नाहीत. तेव्हा मला कुणी 'होणार नाही' म्हटलं की मी आधी त्याचं तोंड बघते आणि मग कामाला लागते.

मी एक जुनी मिनीबस घेतली. आचोळ्याच्या गॅरेजवाल्याला सांगितलं, आत दोन बाकडी, ओटा आणि संडास.

"मॅडम, संडास एवढा मोठा केला तर झोपायला जागा उरणार नाही."

"मी खाली झोपेन. आईला बसून उठता आलं पाहिजे. दोन्ही हातांना दांडा, आणि दाराची पायरी देवळाच्या पायरीएवढी बुटकी."

त्याने पहिल्यांदा पायरी उंच केली. मी समोर उभी राहून त्याला ती उखडायला लावली. कपाळावर हात मारून तो म्हणाला, "बाई, तुम्ही गिऱ्हाईक आहात की सासू?"

गाडीची कागदपत्रं रीतसर झाली, नवरा धंदा सांभाळायला थांबला आणि थंडीत आम्ही दोघी मुन्नारला निघालो. त्या डोंगरावरच्या उद्यानात रानबकऱ्या अगदी रस्त्यापर्यंत येतात, असं मला एका गिऱ्हाइकाने सांगितलं होतं. चालवायला मीच. टेम्पो चालवून हात तयार झालेले आहेत.

निघायच्या दिवशी आई अडून बसली. तिची सुकेळी अर्धीच वाळली होती. पिकलेली राजेळी केळी सोलून कारवीच्या काठ्यांच्या ताटीवर, आमच्याकडे म्हणतात त्या मांडवीवर, उन्हात ठेवायची, संध्याकाळी झाकायची, सकाळी परत मांडायची, असं काही दिवस चालतं. मध्येच सोडली तर माल गेला.

"शेजारी बघतील," मी म्हटलं.

"शेजारीण उन्हात ठेवेल, पण उलटवणार नाही. ऊन काय आपल्याच अंगणात पडतं?"

झालं. मांडवी टपावर. मुक्काम पडला की मी शिडीने वर, आई खालून हुकूम सोडतेय. "ती कडेची उलटव. बाय, हात धुतलेस ना?" गोवा, कर्नाटक, केरळ, सगळीकडचं ऊन त्या केळ्यांनी खाल्लं.

मुन्नारच्या वर एका चहामळ्यालगत गाड्या लावायची जागा मिळाली. पलीकडे जंगल. सकाळी स्वच्छ ऊन पडलं, मी सुकेळी मांडली आणि आत चहा ठेवला. टपावर धडधड झाली. बाहेर येऊन बघते तर माकडांची पंगत बसलेली. एकाचे गाल फुगलेले. आई दारातल्या दांड्याला धरून काठी उगारत ओरडत होती, "मेल्यांनो, अजून वाळली नाहीत ती!"

आरडाओरड ऐकून वनरक्षक आला. मोडक्या हिंदीत त्याने बजावलं, जंगली जनावराला खायला घालणं गुन्हा आहे, आत्ताच्या आत्ता गाडी घेऊन डोंगर उतरा, उद्या उद्यानात जायचं नाव काढू नका.

माझा आवाज चढला. "खिलाया नहीं! सुखाने रखा था!"

"बंदर को क्या मालूम?"

त्याचं म्हणणं बरोबर होतं, आणि म्हणूनच मला जास्त राग आला. पण आईकडे पाहिलं. ती काठी खाली ठेवून मुकाट्याने आपली पिशवी भरत होती. हिला परत फोटोच दाखवायला लावायचे का? मग मी धंद्याचा आवाज काढला. टप धुऊन देते, माल कुलपात ठेवते, उद्यानात दाणासुद्धा नेत नाही. तुम्ही स्वतः तपासा. एकच सकाळ द्या. तो नाही म्हणाला. मी तेच पुन्हा सांगितलं. तो गाडीत डोकावला, तो भलामोठा संडास, ते दांडे बघितले, आणि आईच्या गुडघ्यांकडेही. "धोओ," तो म्हणाला. "मैं देखूँगा." मी टप घासला. घासून संपेपर्यंत वनरक्षक खाली उभा होता.

दुसऱ्या दिवशी उद्यानाच्या बसने वर सोडलं. पुढे चढाचा रस्ता पायी. माझ्या डोक्यावर धंद्यातली लाल खुर्ची होती. फाटकावर अडवलं. मी म्हटलं, खुर्ची आहे, कचरा नाही. जाते तशी परत येईल. कालचा वनरक्षक तिथेच होता. त्याने मान हलवली.

आई थोडं चालायची, मी खुर्ची टेकवायची, ती बसायची. मागून एक मुंबईकर टोळकं आलं. त्यातला एक म्हणाला, "मावशी, खुर्ची भाड्याने देणार का?"

"देते की. वसईला ये, मांडवासकट देते. आधी लग्न तरी जमव!"

एका वळणावर आई म्हणाली, "बस. आता मी उठणार नाही." तिचा घोटा सुजला होता. वरची माणसं बोट दाखवत होती आणि आम्हाला नुसता कातळ दिसत होता. मी त्या कातळावर चिडले. जनावरांशी भाव करता येत नाही.

आई मात्र आरामात बसून राहिली. कधीतरी वरच्या गवतातून खुरांचा आवाज आला आणि एक तपकिरी मादी, शिंगं मागे वळलेली, कातळावरून सरळ रस्त्यावर उतरली. मागे पिल्लू. ती दोघं खुर्चीच्या अगदी समोरून, घाई न करता गेली.

"अगो," आई हळूच म्हणाली, "ह्या तर बकऱ्याच." आणि पिल्लू दिसेनासं होईपर्यंत तिने पापणी हलवली नाही.

संध्याकाळी भावाचा फोन आला. मी मुद्दाम स्पीकरवर टाकला.

"आई, दमली नाहीस ना?"

"दमले. घोटा सुजलाय." मी तिच्याकडे डोळे वटारले, पण ती पुढे बोलतच राहिली. "बकरी इथून अशी गेली, हात लांब केला असता तर लागली असती. आणि संडास केवढा मोठा आहे म्हणून सांगू! तू पण ये रे पुढल्या खेपेला. ही नेईल तुला."

आईने आशेने माझ्याकडे पाहिलं.

"त्याच्याने नाही होणार," मी म्हटलं, आणि कुलूप काढून उरलेली सुकेळी उलटवायला उठले.